जांभळे घोस सिंधूलेच भेटतात

सिंधू नाई घरी, ताई. रिसोडले बाजाराले गेली, दिवस कलल्यावर येईन, जीप लवकर भेटली तं आधी बी येईन. तुमी वाशिमाहून तिच्यासाठी आल्या, तं आता बसा, ह्या बाजेवर बसा, तोलोक मीच सांगतो. गोट्यायची गोष्ट लोक तिची म्हनून सांगतात, पन ती निंघाली म्या खंदेल इहिरीतून, अन् बुडापासून लिहाचं असन तं माह्या बापापासून लिहा लागते.

माह्यं नाव श्रावण. माहा बाप इहिरी खंदे, त्याचा बाप बी इहिरीच खंदे. आमाले वावर नाई, म्हनजे होतं उलीसं, गावाले लागून, पन त्यात बैलजोडी वळत नसे, तं आमचं पोट लोकायच्या वावरात, अन् तेई जमिनीच्या खालतं. उन्हाळा लागला की बाप आमाले घेऊन निंघे, मायच्या डोक्शावर भांडे, त्याच्या खांद्यावर सब्बल अन् घन, अन् ज्या गावची इहीर घेतली त्या वावरात तुराट्याची झोपडी टाके. कवा रिठद, कवा मानोऱ्याकडं, कवा हिंगोलीच्या अंगाले. वरतून काळी माती लागे, मंग मुरूम, मंग पिवळा मऊ खडक, अन् मंग काळा पत्थर. काळा पत्थर लागला की बाप खाली बसून बिडी पेटवे अन् म्हने, आता खरं काम लागलं. तो पत्थर मी लहानपनापासून पाहून राह्यलो, हातानं चाचपून राह्यलो, हे ध्यानात ठेवा, कारन मंग मले जे वाटलं ते काहून वाटलं हे तुमाले समजलं पायजे.

मंग मशिनी आल्या. ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर आला, क्रेन आली. पत्थरात भोकं पाडाचं मशीन मी शिकलो, दिवसभर ते छातीशी धराचं, संध्याकाळी भाकर तोडतानी बी हात थरथरत राहे. भोकं झाली की त्यात सुरुंगाचा बार भरनारा येई, बार उडाला की धूर जाऊ द्याचा, मंग आमी गडी खालतं उतरून फुटलेला पत्थर बकेटीत भरत, क्रेन वरतं ओढे, अन् वरतं बाया तो मलमा पसरवत. त्या बायात सिंधू. ती पोहरादेवीच्या बाजूच्या एका खेड्यातली, घरचे लोक शेतकरी, पऱ्हाटी अन् तूर, इहिरीचं काम तिनं कवा पाह्यलंच नव्हतं. लगीन झालं त्या उन्हाळ्यात पयला बार उडाला तवा तिनं माह्या मायले असं गच्च धरलं की मायच्या बांगड्या फुटल्या. मी लय हसलो होतो. तवा मले हसू येत होतं तिच्यावर, काय सांगू तुमाले.

गोटे तं पत्थरात पयल्यापासूनच होते. पत्थर फुटला की कवा कवा आतमंधी पोकळी निंघे, तिच्यात पांढऱ्या गारगोट्या, कवा काचेसारख्या सुया. आमी त्या बांधावर फेकून देत, पोरं खेळत, कोनी तुळशीपाशी ठेवे. मंग एक मानूस मोटरसायकलवर आला, जळगावाकडचा, रऊफभाई नावाचा, मांगं लाकडी पेटी बांधलेली. तो इहिरी इहिरी फिरून असे गोटे इकत घे. त्यानं पेटीतून कापसात गुंडाळलेला एक गोटा काढला अन् माह्या हातावर ठेवला. जांभळा होता. गोल गोल दाने एकमेकाले चिटकून, जसा द्राक्षाचा घड कोनी पत्थरावर दाबून बसवला. तो म्हने, असा कवा दिसला काय भाऊ, ह्याले बाहेर कॅल्सेडोनी म्हनतात, लय लोक जपून ठेवतात हे. आमच्या बायायनं त्याले घोस म्हनलं, तं मंग घोसच नाव पडलं. रऊफभाई बी आता घोसच म्हनते.

पयला घोस मले भेटला. हे तुमी लिहा, ठळक लिहा. रिठदच्या अलीकडच्या एका इहिरीत, बार उडाल्यावर मी बकेट भरून राह्यलो होतो, तं हिरव्या मातीचा एक लपका दिसला पत्थराले, तो म्या नखानं खरवडला, अन् खालतून जांभळं निंघालं. मुठीएवढा होता. त्याचा रंग जसा वांग्याचा देठापाशी असते ना, अर्धा पांढरा अर्धा जांभळा, तसा. म्या तो कोपरीच्या खिशात घातला अन् दिवसभर काम करतानी मले तो पोटाले लागत होता, अन् मले साजरं वाटत होतं. वरतं आलो तं सिंधूले दाखवला. ती म्हने, अगं माय. बस, तेवढंच म्हने. पन किती वेळ हातात धरून बसली, भाकर बी थंडी झाली.

मंग माहा जमाना होता तो. दर उन्हाळ्यात मले एखाद-दोन भेटत. रिसोडच्या स्टँडवरचा चहावाला मले गारगोटीवाले म्हनून हाक मारे. दुसऱ्या गावचे इहिरवाले येत अन् इचारत, श्रावणभाऊ, कसं ओळखता, कोन्त्या पत्थरात असते. मी सांगे, जरा जास्तच सांगे. लोकायनं आपल्याले काई इचारावं याची सवय लागली की मानसाले भाकरीसारखी ते रोज लागते.

मंग एका उन्हाळ्यात सिंधूनं मलम्यातून एक उचलला. मीच खालतून पाठवलेल्या मलम्यातून. हे समजून घ्या ताई, भोक म्या पाडलं, बार उडाल्यावर पत्थर म्या उचलला, म्या पाह्यला, म्या बकेटीत टाकला, अन् तो वरतं गेल्यावर तिनं पाह्यलं तं त्यात घोस. मातीचा गोळा दिसे तो वरून, कोनीच उचलला नसता. तिनं पान्याच्या डब्यात टाकून ठेवला, संध्याकाळी काढला तं बाप्पा, माह्या पयल्या घोसाहून दुप्पट, अन् रंग पक्का, पिकल्या जांभळासारखा, एक बी दाना फुटेल नाई. मी म्हनलं, साजरा हाय. तोंडानं म्हनलं. मले काय झालं ते त्या दिवशी समजलं बी नाई, मी समजलो उन्ह लागलं.

रऊफभाई आला तं त्यानं तो हातात घेतला अन् चहा तसाच ठेवला, चहावर साय धरली. कोनं काढला, तो म्हने. सिंधू चुलीपाशी होती. मी म्हनलं, हिनं. तवापासून तो आला की मोटरसायकल उभी करता करताच इचारे, वहिनी कोठी हायत. मी समोर उभा राहो. मी त्याले राम राम करो, तो मले राम राम करे, अन् मंग इचारे, वहिनी कोठी हायत.

मंग दर इहिरीले तेच होऊ लागलं. तिलेच भेटे. मले भेटे ते फुटकं नाई तं फिकं. मी चिडून बार उडाल्यावर अर्धा अर्धा घंटा पत्थर उलटापालटा करू लागलो, क्रेनवाला वरतून ओरडे, अबे श्रावण, झोपला काय खालतं. म्या एक एक पत्थर दोन दोन डाव पाहून वरतं पाठवावा अन् वरतं तिनं त्यातूनच काढावा. एक दिवस तं मी जेवनाच्या सुट्टीत तिच्या आधी वरतं येऊन मलम्याच्या ढिगावर बसलो. सारा ढीग हातानं उलटला, उन्हानं पत्थर तापेल, बोटं भाजली, काईच नाई. मंग थकून तथीच बसलो, डोक्श्यावर दुपट्टा घेऊन. सिंधू भाकर घेऊन आली, म्हने, जरा सरका, सावलीत बसा. मी सरकलो. अन् जथी मी बसलो होतो ना, माह्या बुडाखालचा, तो पत्थर तिनं पायानं लोटला, वाकून उचलला, अन् म्हने, अवो, हा पाहा. काय सांगू तुमाले. म्या भाकर तोडली अन् तशीच ठेवली. ती इचारे, मिरचीचा ठेसा तिखट झाला काय. मी म्हनलं, हाव, तिखट झाला.

म्या तिले एकदा इचारलं, तुले दिसते कसं. ती म्हने, मले दिसत नाई, मी हातात घेते, तं कोनता कोनता पत्थर हातात घेतला की खाली ठेवावासा वाटत नाई. हे काय उत्तर झालं काय, ताई? मी बी घेऊन पाह्यले हातात. मले सारेच खाली ठेवावेसे वाटले.

फोन माहा. नंबर माहा. पन फोन वाजे तं तिकून बाई नाई तं बुवा म्हने, सिंधूताई आहेत का. कोनी पुण्याचं, कोनी नागपूरचं, रऊफभाईनं तिचे फोटू पाठवले होते कोनाकोनाले. मी फोन घेऊन अंगनात जावो, तिच्या कानाले लावो, कारन तिचे हात कवा पिठाचे, कवा शेनाचे, अन् ती बोलून होईलोक मी तसाच हात वर करून उभा. एक बाई पुण्याहून गाडी करून आली, भली बाई होती, तिच्या घरी असे गोटे कपाटात ठेवेल होते म्हने. तिनं सिंधूचे दोन्ही हात हातात घेतले, उलटे करून पाह्यले, जसे ज्योतिषी पाहातात. मंग फोटू काढाचा म्हनली. सिंधू मधात, हातात घोस. मी बाजूले उभा राह्यलो, साजरा सदरा घातला होता. ती बाई म्हने, काका, तुम्ही जरा इकडे येता का, सावली पडते तुमची. मी बाजूले झालो. माही सावली पडत होती, हे खरं हाय, मी तिले दोष देत नाई. पन आजलोक तो फोटू पाह्यला की सिंधूच्या मांगं कुडावर उलीसी काळी सावली दिसते, ते मी.

तुमी म्हनसान, बायकोवर कोनी जळते काय. भावावर जळते मानूस, शेजाऱ्यावर जळते. मी तं रोज रात्री तिच्याच हातची भाकर खाऊन तिच्यावरच जळत होतो. ती आजारी पडली तं मी दवाखान्यात घेऊन जावो, तिले ताप असला तं मले झोप लागत नसे, अन् ती बरी होऊन मलम्यावर आली की पुन्हा तेच. दोन्ही खरं होतं. एकानं दुसरं कमी होत नव्हतं.

मंग रिठदची ती इहीर आली. देवराव नावाच्या मानसाची जुनी इहीर, अर्धी पयलेच बांधेल, भितीतून पायऱ्या काढेल, पन पानी आटलं म्हनून आनखी खोल कराची होती. वरच्या पायऱ्या संपल्या की खालतं आमची लोखंडी शिडी. एक दिवस बार उडाला, धूर गेला, मी उतरलो, तं छातीच्या उंचीवर भितीत एक फट पडेल. हात घातला. आतमंधी पोकळी, हात कोपरालोक गेला, अन् बोटाले लागले दाने. गोल, गुळगुळीत, थंडगार, इकून दाने, तिकून दाने, छताले बी दाने. ताई, एवढं मोठं घर म्या जन्मात पाह्यलं नव्हतं. अन् पयला इचार माह्या मनात काय आला सांगू, की हे वरतं जाऊ द्याचं नाई. हे मलम्यात जाऊ द्याचं नाई. म्या चिखल घेतला, फट लिंपून टाकली, अन् बकेट भराले लागलो. दुसऱ्या दिवशी अमावस्या होती, अमावस्येले आमच्या कामाले सुट्टी.

अमावस्येले सकाळी भाकर खाल्ली, सिंधूले म्हनलं, रिसोडले जाऊन येतो, अन् छिन्नी-हातोडी दुपट्ट्यात गुंडाळून रिठदले गेलो. वावरात कोनी नव्हतं. शिडीनं उतरलो. पानी उपसाची मोटर बंद होती म्हनून बुडाशी झऱ्याचं पानी साचेल, घोट्यालोक. चिखल काढला अन् हळूहळू फट मोठी करत गेलो. घाई नाई केली. एकेक टवका. पुढच्या बाजूचा एक मोठा घोस बारानं आधीच हालेल होता, त्याच्या मांगच्या पत्थराले चीर पडेल. त्या चिरेत छिन्नी बसवली अन् दोन हात लावून तो सोडवला. सुटला तो एकदम सुटला, माह्या छातीवरच आला. परातीएवढा, ताई. भरल्या घागरीहून जड. अन् असा जांभळा की इहिरीतल्या उलीशा उजेडात बी तो भरल्यासारखा दिसे.

तो घेऊन मी एका पत्थरावर बसलो, मांडीवर ठेवला. बसलो ते बसलोच. कारन आता तो कोठी ठेवाचा? खालतं सारे धारदार टवके अन् पानी, ठेवला तं दाने घासतीन. अन् तो हातात घेऊन शिडी चढता येत नाई. एवढा इचार करून आलो होतो, हा एक इचार केला नव्हता. पानी हळूहळू चढत होतं, घोट्याच्या वर, मंग पोटऱ्याले. जीवाची भीती नव्हती, टोंगळ्याच्या वर काई ते येत नव्हतं, फक्त पाय बधिर झाले. सूर्य डोक्श्यावर आला, इहिरीत उन्ह उतरलं, त्याच्यावर पडलं, मी पाहात राह्यलो, अन् मंग उन्ह भितीवर चढून निंघून बी गेलं. मी त्याच्यासंग एकटा. खरं सांगतो, त्या दिवसाएवढा सुखी मी कवा नव्हतो, अन् पाय बी कवा एवढे दुखले नव्हते.

मंग वरतून सिंधूचा आवाज आला. अवो, खालतं हाय काय तुमी?

तिनं छिन्नी जाग्यावर नाई हे पाह्यलं होतं, अन् अमावस्येले छिन्नी घेऊन कोनी रिसोडले जात नाई, एवढं समजाले तिले काई लागत नाई. मी म्हनलं, हाव. ती वाकून पाहे. मांडीवर काय हाय हे तिले दिसलं असन, कारन ती तशीच मांगं सरकली. उलीशा वेळानं दोराले बांधून एक टोपलं खालतं आलं, त्यात सोयाबीनचं मऊ कुटार, भुसा, भरेल अन् वरतं तिचं जुनं लुगडं. मी मांगितलं नव्हतं. म्या घोस लुगड्यात गुंडाळला, कुटारात बसवला, दोर हलवला. वरतून तिनं एकटीनं ओढला नाई, देवराव अन् त्याचे दोन गडी तिनं बोलावून आनले होते, त्यायनं ओढला. टोपलं फिरत फिरत वरतं गेलं अन् काठाच्या पलीकडं गेलं.

मंग मी चढलो. पाय लाकडासारखे, एकेक पायरी हातानं ओढून चढलो. वरतं निंघालो तं इहिरीच्या काठावर कोनी नाई. सारे आंब्याखालतं, सिंधूच्या भोवती. लुगडं उघडून घोस बाजूले ठेवेल, देवराव उकिडवा बसून पाहून राह्यला, अन् म्हनून राह्यला, वहिनी, तुमच्या हाताले भल्ला गुन हाय, हा कसा काय काढला. सिंधू म्हने, म्या नाई, ह्यायनं काढला. मले ऐकू आलं, म्हनली ती, खरंच म्हनली. तं देवराव हसला अन् म्हने, हाव, बाईनं नवऱ्याचं नाव पुढं करावंच लागते. सारे हसले. मी इहिरीच्या काठावर, टोंगळ्यालोक ओला, हाताले रक्त, अन् एक बी मान माह्याकडं वळली नाई.

मी तसाच निंघालो घरी, पायी पायी. ती मांगून घोस घेऊन देवरावच्या गाडीत आली.

त्या दिवशी म्या तिच्यासंग भांडन केलं. म्हनजे मी बोललो अन् ती घोस धुत बसली. दात घासाच्या जुन्या बुरुशानं, एकेक दाना. म्या म्हनलं, साऱ्या दुनियेले तूच दिसतं, मी दिसतच नाई, इहीर म्या खंदाची, पत्थर म्या फोडाचा, अन् ज्याले पाहावं तो वहिनी कोठी हायत, आज तं माह्या हातानं काढला तरी तुह्याच नावावर गेला, आता मी कायले जगतो. लय बोललो. तिनं बुरूस ठेवला. ती म्हने,

तुमी तो जाग्यावर पाह्यला. मले आजलोक एक बी जाग्यावर पाहाले भेटला नाई.

मले समजलंच नाई ती काय म्हनते. मंग ती बोलली, हळूहळू, माह्याकडं न पाहाता. म्हने, लगीन झालं त्या उन्हाळ्यापासून मी काठावर उभी हाओ. तुमी उतरता, मी पाहाते. तुमी ते हाय तथी जाता, मले भेटते ते फुटून वरतं आल्यावर. तुमी वरतं आले की तुमच्या अंगाले त्या खालच्या थंडीचा वास येते, मले त्याचा राग येते. म्या एकदा म्हनलं होतं मले उतरू द्या, तुमी म्हनलं बाई इहिरीत उतरली तं झरा बुजते. मी पुन्हा म्हनलं नाई. पन असा एक दिवस गेला नाई की मी तुमच्यावर जळली नाई.

मी कवा असं म्हनलो होतो हे मले आठवत बी नव्हतं. म्हनलो असन, आमच्यात सारेच म्हनतात, बाप बी म्हने.  एवढे वर्स एका चुलीवर जेवून राह्यलो अन् ही माह्यावर जळून राह्यली अन् मी हिच्यावर, अन् दोघायले वाटे आपुन एकटेच जळतो.

दुसऱ्या दिवशी काम सुरू होनार होतं. मी क्रेनवाल्याले म्हनलं, जरा थांब. देवरावले म्हनलं, सिंधू उतरते खालतं. त्याचा चेहरा उतरला, तो म्हने, श्रावणभाऊ, बाईचा पाय इहिरीत, तुमीच इहिरवाले, तुमाले काय सांगाचं, झरा बुजला तं? मी म्हनलं, बुजला तं दुसरी इहीर मी खंदून देतो, तुमी फक्त बाजूले व्हा. सिंधूनं लुगड्याचा काष्टा मारला. तिच्या कमरेले म्या दोर बांधला, दोन गाठी मारल्या, मी आधी उतरलो, मंग ती. पायऱ्या झाल्यावर शिडीवर तिचा पाय लटपटला, म्या घोटा धरून डांडीवर ठेवला. बुडाशी आली तं उभी राहून तिनं पयले वरतं पाह्यलं. गोल आभाळ. म्हने, एवढंसं दिसते काय तुमाले.

मंग म्या फटीपाशी मोबाईलचा उजेड धरला. मोठा घोस काढला होता तरी मांगं सारी पोकळी भरेल होती. तिनं तोंड आतमंधी घातलं. मले तिची फक्त पाठ दिसे. किती वेळ गेला ठाव नाई, माहा हात दुखाले लागला उजेड धरून धरून. मले वाटलं आता ही हात घालन, काढन. तिनं हात लावला नाई. तिनं मले म्हनलं, उजेड बंद करा. म्या बंद केला. मंग म्हने, लावा. म्या लावला. मंग तोंड बाहेर काढून माह्याकडं पाहून म्हने, अवो, कोनीच पाहात नव्हतं तरी हे जांभळेच होते.

ताई, मी तथी हात घातला होता, छिन्नी चालवली होती, दिवसभर मांडीवर घेऊन बसलो होतो. पन हे माह्या मनात आलं नव्हतं. बापाच्या हातापासून आजलोक, एवढ्या इहिरी, एवढे पत्थर, अन् हे मले कवाच सुचलं नाई. अन् मी तथीच, त्या पान्यात उभा राहून, पुन्हा जळलो तिच्यावर. आधीहून जास्त. पन हे जळनं जरासक येगळं होतं, कसं येगळं ते मले सांगता येत नाई.

ती म्हने, बाकीचे राहू द्या. म्या भोकं दुसऱ्या अंगानं पाडले, भीत तशीच ठेवली. मंग देवरावनं बांधकाम केलं तं ते सारं भितीमांगं गेलं, आता कोनालेच दिसत नाई. मोठा घोस रऊफभाई घेऊन गेला, तिनंच देल्ला, म्हने, घरात ठेवला तं मी दिवसभर त्याच्याकडंच पाहीन, चूल कोन पेटवन. आता तो कोन्या देशात कोनाच्या कपाटात असन, त्याच्यावरची धूळ जो कोनी पुसत असन त्याचा बी मले हेवा वाटते. अन् इहिरीले पानी? लागलं ना. भल्लं लागलं, भर उन्हाळ्यात मोटरीचं पानी तुटत नाई. तं देवराव गावभर सांगत फिरते, सिंधूवहिनीचा पाय लागला म्हनून झरा फुटला. भोकं म्या पाडले, ताई. पन जाऊ द्या.

आता माहे टोंगळे गेले, मशीन धरनं होत नाई. पन इहिरवाले बोलावतात, कारन काळ्या पत्थरात फट दिसली की बार भराच्या आधी सिंधूले उतरवतात, ती पाहाते, काढन्यासारखं असलं तं काढते, नसलं तं नाई म्हनते. बाईचा पाय नोको म्हननारेच आता तिचा पाय मांगतात. ती खालतं गेली की काठावर गर्दी होते, सारे वाकून इचारतात, वहिनी, काय दिसलं, काय दिसलं. मी नाई वाकत. मी मांगं बसतो, पाय रोवून, अन् तिचा दोर माह्या कमरेले असते. लोक म्हनतात, बाबा, तुमी सावलीत बसा, जवान गड्याले धरू द्या. मी देत नाई कोनाच्या हातात.

देव तिची नजर अन् तिचे हात असेच ठेवो, आमचं काय, आमचं झालं. जळनं काई जात नाई ह्या वयात, तिले बी ठाव हाय, ती हसते. पन एक सांगतो तुमाले. खालतं तिले घोस दिसला की ती बोलाच्या आधी जरासक थांबते, हालत नाई, श्वास बी घेत नसन, अन् दोर असा एकदम शांत होते. मले कमरेले समजते. काठावरच्या लोकायले मंग समजते, ती सांगते तवा. तेवढा वेळ ते फक्त तिले ठाव असते अन् मले.